डावं मडगार्ड

मानसिंगरावांनी डोळे मिटले आणि मडगार्डावरून तळहात पुन्हा एकदा फिरवला. हेडलाइटच्या गोलापाशी सुरुवात, तिथून वर, कमानीवरून मागे, दरवाजाच्या कडेपर्यंत. हात निमूट निघाला आणि हेडलाइटच्या मागे वीतभर अंतरावर, सकाळपासून अकरा वेळा जिथे खाली बसला होता, तिथेच खाली बसला. उशीवरून कुणीतरी नुकतंच डोकं उचललं असावं, इतपत खोलगट जागा.

डोळे उघडले की दिसत नाही, असं म्हणायचीही सोय नव्हती. पोर्चमध्ये साडेदहाचं ऊन आलं होतं, आणि ऊन अशा बाबतीत कुणाची भीड ठेवत नाही.

"पुसून पुसून निघणार आहे का ते?" शशिकलाबाई दारातून म्हणाल्या.

"पुसत नाहीये. तपासतोय."

"डोळे मिटून?"

देवासच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं मानसिंगराव तपासणी विभागात होते. त्यांच्या हाताखालून वाकडा नट गेला नाही, हे त्यांचे वैरीही मान्य करत, आणि वैरी पुष्कळ होते. निरोप समारंभात मिळालेली शाल छापील लांबीपेक्षा दीड इंच कमी आहे, हे त्यांनी व्यासपीठावरूनच जाहीर केलं होतं, असं लोक सांगत. ते खोटं होतं. त्यांनी ती घरी येऊन मोजली होती.

निवृत्तीनंतर त्यांनी पोर्चमध्ये पत्र्याचं काम मांडलं. वाळूची कातडी पिशवी, लाकडी हातोडे, एक जुनी ऐरण. आणि मग धार गावच्या बापूसाहेबांचं मडगार्ड आलं. बापूसाहेबांचे आजोबा संस्थानच्या महसूल खात्यात होते, वडिलांनी छप्पन साली लँडमास्टर मोटार घेतली होती, आणि तिच्या पुढच्या डाव्या मडगार्डाची खालची कड गंजानं खाल्ली होती. तसला भाग आता कुठे मिळत नाही. पत्रा ठोकून घडवावा लागतो. गाडी धारलाच राहिली. मडगार्ड तेवढं सुटं करून जीपमधून देवासला आलं.

त्यानंतर जे झालं, ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालंच नसतं. साध्या डेंटरनं मडगार्ड बघितलं असतं आणि अंदाजानं गोल केलं असतं. मानसिंगरावांचा अंदाजावर विश्वास नव्हता. त्यांनी आधी सगळा रंग खरवडला. हेडलाइटच्या मागे रंगाखाली बोटभर जाड पुट्टी निघाली, ती त्यांनी तिरस्कारानं फोडून कचऱ्यात टाकली. मग उघड्या पत्र्यावर दर दोन इंचांवर त्याच्या वळणाला तंतोतंत बसणारे पुठ्ठ्याचे फर्मे कापले, त्यांना नंबर दिले आणि तेवीस फर्म्यांबरहुकूम चार महिने नवा पत्रा ठोकला. नव्याजुन्यात कुठेही अर्ध्या मिलीमीटरपेक्षा जास्त फरक नव्हता.

आज सकाळी बापूसाहेबांच्या नातीनं, श्रियानं, मडगार्ड न्यायला निघण्यापूर्वी लँडमास्टरचा फोटो पाठवला. त्यात उजवं मडगार्ड होतं. भरल्या घागरीसारखं गोल. खोलगट काही नाही.

तिथे पुट्टी का भरली असेल, हा प्रश्न मानसिंगरावांना चार महिन्यांत एकदाही पडला नव्हता. गाडी कधीकाळी कशावर तरी आदळली होती. त्यांनी तो पोचा मापात घेतला आणि नव्या पत्र्यावर उतरवला.

"सांगून टाका," शशिकलाबाई म्हणाल्या. "चुकलं म्हणायचं. आम्ही नाही का दिवसातून चारदा म्हणत?"

"ते शंभर किलोमीटरवरून येतायत."

"मग कोपऱ्यावरच्या अजेयला बोलवा. अर्ध्या तासात पुट्टी भरून देईल."

या अजेयला, पुट्टी हे आळशी माणसाचं काम आहे, असं त्यांनी मागच्याच महिन्यात त्याच्या गिऱ्हाइकांदेखत ऐकवलं होतं. तो आला असता. हसतमुखानं आला असता.

मानसिंगराव उठले. ज्या दोन खुर्च्यांवर मडगार्ड ठेवलं होतं, त्या त्यांनी एकेक करून सरकवल्या, खोलगट बाजू भिंतीकडे जाईपर्यंत. चौतीस वर्षांत कुणी माल असा वळवून ठेवला, की ते आधी तीच बाजू बघत. शशिकलाबाई हे सगळं पाहून काही न बोलता पोहे भिजवायला आत गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडी आली. श्रियानं फाटकाशी ती लावली आणि दार उघडून बापूसाहेबांना हात दिला. ब्याऐंशी वर्षांचे, पांढरा सदरा, हातात काठी.

"सॉरी काका, लेट झालं. बायपासवर इतका जाम होता ना, हालत खराब," श्रिया म्हणाली.

"आपण आधी बसावं," मानसिंगराव बापूसाहेबांना म्हणाले. "पोहे होतायत."

"पोहे पळून जात नाहीत. आधी काम दाखवा."

चार शब्द मानसिंगरावांनी तयार ठेवले होते: बापूसाहेब, माझी चूक झाली. पण ते ओठांवर येईतो बापूसाहेब खुर्च्यांना वळसा घालून भिंतीच्या बाजूला पोचलेसुद्धा. काठी त्यांनी भिंतीला टेकवली आणि तळहात पत्र्यावर ठेवला. हेडलाइटपाशी सुरुवात, तिथून वर. मग हात खाली बसला आणि तिथेच राहिला.

"बापूसाहेब, जरा एक..." मानसिंगराव म्हणाले.

"श्रिया, आत जा. काकूंना मदत कर."

"आजोबा, मला पोहे बनवता येत नाही, तुम्हाला पता आहे."

"तर मग बघ कसे करतात ते."

ती डोळे फिरवत आत गेली. बापूसाहेबांनी हात काढला नव्हता.

"कोणी सांगितलं आपल्याला?"

"कोणी नाही," मानसिंगराव म्हणाले. हे खरं होतं.

"म्हणजे पत्र्यानंच सांगितलं." ते हळूच पायरीवर बसले. मानसिंगराव उभेच राहिले. आपल्याच घरात बसावं की नाही, ते त्यांना ठरवता येईना.

"एकाहत्तर साल," बापूसाहेब म्हणाले. "सरदारपूरहून परतत होतो. आमच्या मंडळींचं माहेर ते. त्यांना पोचवून एकटाच निघालेलो. संध्याकाळ. एक माणूस सायकलवर होता, मागे चाऱ्याचा भारा. आवाज फारसा झाला नाही. आरशात पाहिलं तर तो रस्त्यावर बसलेला होता. बसलेला होता. उभा राहिलेला मी पाहिला नाही. तेवढं थांबलो नाही."

आतून श्रियाच्या हसण्याचा आवाज आला.

"घरी सांगितलं, नीलगाय आडवी आली. गाडी धामनोदला नेली, ट्रकवाल्यांच्या डेंटरकडे. तिथे मला कोण ओळखतो? त्यानं निम्मं ठोकून काढलं, निम्मं भरलं. आणि सरदारपूरला पुन्हा पाऊल टाकलं नाही. मंडळींना वाटायचं, त्यांच्या भावाशी माझं बिनसलंय. मी वाटू दिलं. हळूहळू त्याही जाईनाशा झाल्या. भाऊबीजेला भाऊ यायचा, मग तोही यायचा राहिला. त्या वारल्या तेव्हा आला होता. माझ्याशी बोलला नाही. त्यानं काय बोलावं?"

मानसिंगरावांनी खुर्चीची पाठ धरली. बापूसाहेबांच्या शब्दागणिक आपले चार शब्द लहान लहान होत चाललेत, असं त्यांना वाटत होतं.

"म्हटलं, ती कड गंजलीच आहे, तर अख्खं मडगार्डच नवं करून घ्यावं. जुनं भंगारात जाईल. त्याबरोबर सगळं जाईल." ते मडगार्डाकडे बघत होते. "आणि आपण चार महिने खपून तेच पुन्हा घडवलंत."

मानसिंगरावांची नजर कोपऱ्यातल्या फर्म्यांच्या गठ्ठ्यावर गेली.

"मुद्दाम ठेवलंत," बापूसाहेब म्हणाले. मग मान वर करून, जरा हलक्या आवाजात, "ना?"

आता 'नाही' म्हणायचं म्हणजे, एका ब्याऐंशी वर्षांच्या माणसानं देवासच्या एका पोर्चमध्ये, जेमतेम ओळखीच्या माणसासमोर, कुणाच्या तरी पुठ्ठ्याच्या फर्म्यांपायी पन्नास वर्षांचं झाकलेलं उघडं केलं, हे त्याला सांगायचं. आणि 'हो' म्हणायचं म्हणजे, आपल्या अंगात नसलेली गोष्ट आपल्या नावावर घ्यायची. मानसिंगरावांनी आयुष्यात इतका वेळ कुठलीच वस्तू पास की नापास ठरवायला घालवला नव्हता. प्रत्यक्षात चार-पाच सेकंद झाले असतील.

"हो," ते म्हणाले.

बापूसाहेबांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. त्या पकडीत इतका विश्वास होता, की मानसिंगरावांना तो हात सोडवून घ्यावासा वाटला. कारखान्यात लोकांनी त्यांना तोंडावर बरंच काही ऐकवलं होतं. त्यातलं काहीही याच्यापेक्षा सोपं होतं.

श्रिया पोह्यांच्या बशा घेऊन आली. बापूसाहेबांनी सगळे पोहे खाल्ले, वरून शेवही मागून घेतली. मानसिंगराव चमचा हातात धरून बसले होते.

"काका, हे इथे थोडं दबलंय का?" श्रियानं मडगार्डावर बोट ठेवलं.

"ते तसंच आहे," बापूसाहेब म्हणाले. "तसंच बसवायचं. आणि आज धारला थांबायचं नाही. पुढे सरदारपूरला जायचं."

"सरदारपूर? वहाँ कौन है अपना?"

"तुझ्या आजीचा भाऊ आहे. असला तर."

"आजोबा, अजून दीड तास जास्त."

"मग वाटेत सांगतो काय ते."

मडगार्ड गाडीच्या मागच्या सीटवर आडवं ठेवलं. मानसिंगरावांनी त्याच्या कडेखाली चिंध्या कोंबल्या, दोरी बांधली, गाठ दोनदा तपासली. हे सगळं त्यांनी मान खाली घालून केलं. बापूसाहेब पुढे बसले आणि काच खाली करून नातीला म्हणाले, "नीट बघून घे यांना. अशी माणसं आता भेटत नाहीत."

"आजोबा, इमोशनल नका होऊ."

इंजिन सुरू झालं. गाडी दोन हात मागे गेली, तेव्हा मानसिंगरावांना राहवेना. ते फाटकाबाहेर आले.

"बापूसाहेब."

गाडी थांबली. म्हाताऱ्यानं खिडकीतून तोंड बाहेर काढलं. चेहरा निवळलेला होता. आला तेव्हापेक्षा पाच-सात वर्षं तरी कमी दिसत होता. मानसिंगरावांनी तोंड उघडलं. चार शब्द तिथेच होते, ओळीनं उभे. पण गाडीशी निरोपाला उभा राहिलेला माणूस रोज जे म्हणतो, तेच त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"गाडी जपून न्या."

म्हणून झाल्यावर, आपण काय बोललो, ते त्यांच्या ध्यानात आलं. ते परत घ्यायला त्यांनी हात उचलला.

बापूसाहेब क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली, बोलणी खाऊन शाळेत उभा राहिलेला मुलगा घालतो तशी.

"हो," ते म्हणाले. "हेही ऐकायलाच हवं होतं."

काच वर गेली.