ठोकळा परत पाठवावा

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. तेरा सेंटिमीटर लांब, मुठीत मावेल एवढा जाड आणि मधून आरपार भोक. हसलात ना? हसा, मित्रांनो. ठोकळ्याला कसलं आलंय आयुष्य, असं सगळेच म्हणतात. आधी ऐका आणि मग काय ते ठरवा.

ठोकळा होण्याआधी मी एका खुर्चीचा पाय होतो. ती खुर्ची एका सायकल-कारागिराच्या कारखान्यात होती. कारखाना म्हणजे घरामागची एकच खोली. पत्र्याचं दार, मोठी खिडकी, भिंतीवर ओळीनं टांगलेल्या कानशी आणि पाने. कारागिराला सगळे मिस्त्री म्हणत. गिऱ्हाइकाच्या हातापायांची मापं घेऊन ते सायकलची फ्रेम, म्हणजे चाकांशिवायचा नुसता सांगाडा, घडवत. एका फ्रेमला दोन महिने लागत. कुणी मागे लागलं तर ते शांतपणे म्हणत, "घाई असेल तर पायी जा."

एके दिवशी खुर्चीचा एक पाय मोडला आणि आम्ही उरलेले तिघे कोपऱ्यात जाऊन पडलो. आता आपलं जळण होणार, असं मी मनाशी धरूनच चाललो होतो. तेवढ्यात एका शिक्षिकेची फ्रेम दूरच्या गावी पाठवायची वेळ आली. मिस्त्रींनी ती तान्ह्या बाळासारखी जुन्या रजईत गुंडाळली, जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात घातली आणि वरून चिकटपट्टीचे दहा वेढे दिले. पण चाक काढलं की फ्रेमच्या मागच्या बाजूला दोन टोकं उरतात आणि त्यांच्यामध्ये चाकाची जागा रिकामी राहते. तिथे त्यांनी काहीच घातलं नाही. वाटेत खोक्यावर कसलंसं ओझं पडलं आणि ती दोन टोकं आत दबली. बाईंचं पत्र आलं. "फ्रेम फार सुंदर आहे, पण चाक बसत नाही." पुढे तक्रारीचा एक शब्दही नव्हता, आणि तेच मिस्त्रींच्या जिव्हारी लागलं. दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही.

तिसऱ्या दिवशी ते कोपऱ्यात आले. आम्हा तिघांवर त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि मला निवडलं. चाकाचं माप तीनदा घेतलं, मला कापलं, भोक पाडलं, त्यातून लांब बोल्ट घातला. मग एका फ्रेमच्या त्या दोन टोकांमध्ये मला बसवून दोन्ही बाजूंनी नट आवळले आणि बाहेरून दोन्ही गुडघ्यांनी दाबून पाहिलं. मी हललो नाही.

"आता दाबू देत किती दाबायचं ते," मिस्त्री म्हणाले.

तापलेल्या तारेनं त्यांनी माझ्या अंगावर अक्षरं कोरली : ठोकळा परत पाठवावा. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, लाकडाचा तुकडा तो. दरवेळी नवा कापा की."

"हा कसाला उतरलाय. नव्याची खात्री कोण देणार?"

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मी फुगलो. लाकूडच आहे मी, फुगणारच.

अकरा फ्रेमांबरोबर मी अकरा प्रवास केले आणि लोकांनी मला अकराही वेळा परत पाठवलं. एका गृहस्थांनी मात्र मला सहा महिने डुगडुगत्या टेबलाखाली राबवलं आणि मग माफीच्या चिठ्ठीसकट पाठवलं. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. मी परत आलो की मिस्त्री कानशीनं माझ्यावर एक खाच पाडत.

मग मिस्त्रींचे हात थरथरायला लागले. काम बंद पडलं. मी फळीवर धूळ खात पडलो. एकदा वाऱ्यानं पत्र्याचं दार सारखं आपटायला लागलं, तेव्हा मिस्त्रींच्या पत्नीनं हाताला लागलं ते उचललं आणि दाराखाली सरकवलं. ते मीच होतो. अकरा खाचांचा मी, आणि दोन वर्षं दाराची चाकरी. वाईट वाटलं. पण काम पत्करलं की पत्करलं. दार मी एकदाही आपटू दिलं नाही.

आता त्यांच्या मुलीबद्दल सांगतो. घरात तिला बबडी म्हणत, जरी ती तिशी ओलांडून लांबच्या शहरात परिचारिका झाली होती. लहानपणापासून तिच्या वाट्याला आल्या त्या जुन्या, खडखडणाऱ्या सायकली. बाप जगाला सायकली घडवून देतो आणि लेक खटारा चालवते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चार वर्षं ती घरी आली नव्हती. सुट्टी जमत नाही, म्हणायची. मिस्त्री कधी "ये" म्हणाले नाहीत. फोनवर एवढंच विचारायचे, "ब्रेक नीट लागतात ना?"

एका सकाळी त्यांनी नळ्या बाहेर काढल्या. सकाळचा तासभर हात जरा शांत असत, तेवढ्यात काम करायचं. फ्रेमला चौदा महिने लागले. शेवटचा सांधा जोडून ते पत्नीला म्हणाले, "ही बबडीची. ही वाकली तर दुसरी माझ्याच्यानं होणार नाही."

दाराखालून मी ते ऐकलं. तेव्हाच ठरवलं, हिच्याबरोबर मीच जाणार.

बांधाबांधीचा दिवस आला. मिस्त्री स्टुलावर बसून सांगत होते आणि त्यांच्या पत्नी करत होत्या. प्रत्येक नळीला फोम गुंडाळला. सुटे नट पिशवीत घालून फ्रेमला बांधले, म्हणजे ते घरंगळून रंग ओरबाडणार नाहीत. खोक्याच्या कोपऱ्यांत दुहेरी पुठ्ठा लावला. मग मिस्त्रींनी विचारलं, "ठोकळा?"

झालं, शोधाशोध सुरू. फळी, खण, शिलाई मशीन, सगळं पालथं घातलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तीन पावलांवर होतो, पण ठोकळ्यानं हाक कशी मारायची?

मिस्त्रींनी करवत उचलली आणि दुसरा तुकडा कापायला घेतला. करवत लाकडावर नाचायला लागली. त्यांनी ती खाली ठेवली.

"कागदाची गुंडाळी कोंबते," पत्नी म्हणाल्या. "चांगली घट्ट कोंबते."

"कागद दबतो गं."

"मग काय करू, सांगा. चारला कुरिअरवाला येणार."

मिस्त्रींनी मान डोलावली. पत्नीनं गुंडाळी कोंबली, खोकं बंद केलं, चिकटपट्टी लावली. मी जळत होतो नुसता.

चारला कुरिअरवाला आला. धिप्पाड आणि घाईत. खोकं उचलून उलट्या पावली निघाला आणि त्याची टाच माझ्यावर आदळली. तो कळवळला, दार आपटलं आणि मी गडगडत खोलीच्या मधोमध गेलो.

पत्नीनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "अगबाई, मीच तर लावला होता की हा."

"खोकं खाली ठेवा," मिस्त्री म्हणाले.

"काका, अजून नऊ ठिकाणी जायचंय मला."

"मग दहा मिनिटं बसा. पायही दुखतोय तुमचा."

तो बसला. चिकटपट्टी कापली, कागद निघाला, मी आत गेलो. नट मिस्त्रींनीच आवळायला घेतला. हात थरथरत होता, पण पाना ते सोडेनात. शेवटी पत्नीनं त्यांचं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून नट आवळला.

दुसऱ्या दिवशी गाडीत आमच्यावर एक जड पेटी आली. दोन्ही टोकं माझ्यावर चालून आली. भोकापासून उभा तडा गेला. मला त्या शिक्षिकेचं पत्र आठवलं. म्हटलं, फुटलो तर फुटलो, पण तेराचा साडेबारा होणार नाही. पेटी दीड दिवस होती. मीही होतो.

बबडीनं खोकं उघडलं तेव्हा फोन चालूच होता. तिनं मला बाजूला काढलं आणि आपल्या जुन्या सायकलचं चाक घातलं.

"बसलं का?" मिस्त्रींनी विचारलं.

"बसलं बाबा. अलगद गेलं."

मग मिस्त्री म्हणाले, "बरं. ठोकळा परत पाठव."

मागून आईचा आवाज आला, "आता कशाला तो? काय पाठवायचं राहिलंय तुमचं?"

बबडीनं माझ्यावरची अक्षरं वाचली. अकरा खाचांवरून आणि नव्या तड्यावरून अंगठा फिरवला.

"तडा गेलाय त्याला, बाबा," ती म्हणाली. "पोस्टानं नको, वाटेत फुटेल. मीच घेऊन येते."

माझी बारावी खाच जरा वाकडी आहे. मिस्त्रींनी ती स्वतःच्या हातानं पाडली आणि लेक समोर बसून बघत होती.

तेव्हा मित्रांनो, जपून काही पाठवायचं असेल तर बाहेरून गुंडाळण्याआधी आत कुठे रिकामं राहिलंय ते बघा. आणि कुणाची वस्तू परत द्यायची राहिली असेल, तर जमल्यास स्वतः जाऊन द्या.