खालचा रॅक

"वहिनी, तुम्ही जरा सावलीत बसा. आम्ही दोघं ठरवतो," मिस्त्री म्हणाला आणि माझ्याकडे पाठ फिरवून यांच्याशी बोलायला लागला.

पिकअप मी चालवत आणली होती. तिच्या मागच्या हौद्याची मापं मी काढून आणली होती, कागदावर, फूट-इंचांत. आणि मी सावलीत बसू! डोकं तिथेच तापलं. तसं ते लवकरच तापतं. माहेरी मला 'ठिणगी' म्हणायचे, ते काही लाडाने नाही.

आमचं काम असं की शहराबाहेरच्या तलावावर आम्ही कयाक भाड्याने देतो, आणि ज्यांना वल्हवता येत नाही त्यांना शिकवतो. कयाक म्हणजे एका माणसाची लांब, निमुळती होडी. बारा फूट लांब, सत्तावीस किलो वजन. अशा चार आहेत. तलावावर ठेवायला जागा नाही, म्हणून रोज सकाळी पिकअपवर चढवायच्या आणि संध्याकाळी घरी आणून उतरवायच्या. एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला मी. एकोणीस वर्षं हेच. जुना रॅक गंजून सांध्यात तुटला, म्हणून नवा करून घ्यायला या वेल्डिंगच्या दुकानात आलो होतो.

आता हेही सांगते की गेल्या हिवाळ्यात यांच्या उजव्या खांद्यातला स्नायू फाटला. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर सांगितलं, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. आता काही दिवस नाही, असं नव्हे. कधीच नाही.

आणि हे मिस्त्रीला सांगत होते, "केबिनच्या वरून घ्या. जुन्यासारखाच. सात फुटांवर."

"सात फुटांवर चढवणार कोण?" मी सावलीतून उठलेच.

"आपण. आजवर कोण चढवत होतं?"

"आजवर तुमचा खांदा जागेवर होता."

मिस्त्री हसला. "दादांच्या अंगात अजून ताकद आहे हो, वहिनी. आणि वरचा रॅक दिसतो कसा! गाडीला रुबाब येतो."

"चुलीत घाला तो रुबाब," मी म्हटलं. त्याच्या हातातला खडू घेतला आणि तिथेच जमिनीवर काढून दाखवलं. सांगाडा खाली हौद्यातच बसवायचा. मागच्या कडेला एक फिरता रूळ. होडीचं नाक उचलून रुळावर टेकवायचं, मागे जाऊन शेपूट उचलायचं आणि ढकलायचं, की होडी आपसूक आत. छातीच्या वर काही उचलायलाच नको.

हे खडूच्या रेघांकडे बघत राहिले. मग सुरू झाले.

"चार फूट बाहेर येतील मागे."

"लाल फडकं बांधू."

"मागून कुणी ठोकलं तर?"

"लोकांना ब्रेक मारता येतो."

"पावसात रूळ गंजेल."

"तेल घालू."

"हौद्यात बाकीचं सामान कुठे ठेवायचं?"

"माझ्या डोक्यावर!"

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. पण तो मिस्त्री एकेका आक्षेपाला मान डोलावत होता, जणू मी तिथे नव्हतेच. माझा तोल गेला. मापासाठी एक होडी बरोबर आणली होती. दुकानात उंच लोखंडी घोड्यांवर दोन पाइप आडवे ठेवले होते, रंगवून वाळत घातलेले. उंची साधारण सात फूटच.

"चढवू या," मी म्हटलं. "आत्ता. या दोन पाइपांवर. चढली तर वरचा रॅक, मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"अगं, इथे कशाला?"

"धरा नाक."

यांनी धरलं. मी शेपूट धरलं. कमरेपर्यंत आलो, छातीपर्यंत आलो. यांचे दात दाबलेले दिसत होते. खांद्याच्या वर जाताना उजवा हात नुसता सुटला. ओरडले नाहीत, काही नाही. होडीचं नाक खाली आलं ते मिस्त्रीने उडी मारून झेललं, नाहीतर पायावरच पडलं असतं. माझ्या हाताला पाइप लागून सालटं निघालं.

मिस्त्रीने होडी खाली ठेवली. हे उजवा हात डाव्या हातात धरून उभे होते.

"खालचा केला," हे हळूच म्हणाले, "तर दुसऱ्या टोकाला कोण लागेल?"

"कोणी लागणार नाही! तेच तर तासभर बोंबलून सांगतेय!"

बोलून गेले आणि मिस्त्रीचा चेहरा दिसला. त्या मेल्याला माझ्याआधी कळलं होतं. हे गाडीत जाऊन बसले. चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर.

दुसऱ्या एखादीला रडू आलं असतं. मला राग आला. खांद्याचा आला, डॉक्टरीणबाईंचा आला, आणि यांचा तर असा आला की विचारू नका. मला घरी बसवू नकोस, एवढे चार शब्द तोंडातून काढायला काय होतं? रॅकच्या आड कशाला लपायचं? एकोणीस वर्षांत मी यांच्या किती गोष्टी न सांगता ओळखल्या, म्हणून हीसुद्धा ओळखायची होती का? ओळखायला हवी होती, हे मलाही कळत होतं. त्यानेच आणखी संताप होत होता.

"काय करायचं, वहिनी?" मिस्त्रीने विचारलं. आता मला विचारत होता.

"खालचा," मी म्हटलं. "रूळ जाड लावा."

आठवड्याने रॅक बसला. पहिल्या सकाळी चारही होड्या एकटीने चढवल्या, अकरा मिनिटांत. दोघं असताना वीस लागायची, त्यातली निम्मी भांडण्यात जायची. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. रूळ लोण्यासारखा फिरत होता आणि माझा जळफळाट होत होता.

हे उजवा हात गळ्यातल्या झोळीत घालून टेबलाशी वर्तमानपत्र घेऊन बसलेले. "येताय ना?" म्हटलं. "तुझं तू करतेयस की," म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तलावावर शिकायला येणारे विचारायचे, सर कुठे आहेत? मी म्हणायचे, सर्दी झालीय. एवढ्या तगड्या माणसाला चार दिवस सर्दी!

पाचव्या सकाळी होड्या चढवल्या, पट्टे आवळले. चांगले आवळले होते. घराच्या दाराकडे पाहिलं, आणि एक पट्टा सोडला.

"अहो!" मी अंगणातून ओरडले. "हा पट्टा ढिला पडतोय! रस्त्यात होडी कुणाच्या टाळक्यात पडली तर पोलीस तुम्हाला धरतील, मला नाही!"

आधी शेजारच्या काकू खिडकीत आल्या.

मग चपला वाजल्या. हे बनियनवरच बाहेर आले, माझ्याकडे न बघता पट्टा डाव्या हाताने ओढून पाहिला.

"याला आवळणं म्हणतात? पीळ पडलाय, दिसत नाही? एकोणीस वर्षं बघतेयस, डोळे कुठे असतात तुझे? बाकीचेही असेच बांधले असशील!"

बाकीचे तीन नीट होते. यांनी तेही सोडले. एका हाताने बकलातून पट्टा ओवायचा, गुडघा टेकवून ताण द्यायचा, असं एकेक करून चारही पुन्हा आवळले. तेवढा वेळ तोंड चालूच. हलगर्जी काय, बेपर्वा काय, एक दिवस जीव घेशील कुणाचा काय. काकू कान देऊन ऐकत होत्या. माझ्या तोंडाशी छप्पन्न उत्तरं आली होती.

"चुकलंच माझं," मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे बघितलं, मग पट्ट्यांकडे.

"थांब. शर्ट घालून येतो."

शर्टाची बटणं एका हाताने लावायची म्हणजे वेळ जातो. आठच्या बॅचचे लोक एव्हाना काठावर येऊन उभे असणार. मी गाडीत बसले, इंजिन सुरू केलं, आणि हॉर्न वाजवला नाही.