पडदा उचलल्यावर काय दिसतं

मित्रांनो, अर्धा जन्म नाटकाच्या दारात उभं राहून ज्यानं एकही नाटक पाहिलं नाही, असा मी एक जुना पडदा आहे. हसू नका. तुम्ही नाटकाला येऊन बसता तेव्हा मी तुमच्यासमोरच असतो. मग घंटा होते, दोर ओढले जातात आणि पायाच्या बांबूपासून मी वर वर गुंडाळला जातो. मजा सुरू व्हायला आणि माझ्या डोळ्यांवर माझंच अंग यायला एकच गाठ. नाटक संपलं की मला खाली सोडतात, तेव्हा समोर चपला शोधणारी माणसं असतात. मधल्या वेळात काय घडत असेल बरं? एवढा एकच प्रश्न घेऊन मी जगलो.

माझा जन्म लाखनी गावचा. यादोराव पेंटरनं जाड मांजरपाटाच्या पट्ट्या शिवून घेतल्या, त्यावर खडूपूड आणि डिंकाचं पाणी चोपडलं आणि मला उन्हात वाळवलं. यादोरावांचा खरा धंदा हमरस्त्यावरचे ट्रक रंगवण्याचा. म्हणून माझ्या अंगावरचा मोर आणि रायपूरकडं जाणाऱ्या ट्रकांवरचे मोर हे सख्खे भाऊ आहेत. मोराच्या मागं त्यांनी एक महाल काढला. महाल त्यांनी कधी पाहिला नव्हता. साकोलीचा बस स्टँड पाहिला होता. त्यामुळं माझ्या महालाच्या खिडकीला खाली एक अर्धगोल फट आहे, तिकिटाचे पैसे आत सरकवण्यासाठी असते तशी. राणीला तिचा काय उपयोग होता, ते यादोरावांनाच ठाऊक.

मला घेतलं सानगडीजवळच्या एका गावच्या दंडार मंडळानं. धान घरी आलं की आमच्याकडं गावोगाव दंडारी होतात. दंडार म्हणजे गाण्या-नाचाचं रात्रभर चालणारं नाटक. त्यात बायांची कामं पुरुषच करत. आमच्या मंडळाची राणी होता केवळराम. दिवसा धानाच्या बांधीत कमरेइतक्या चिखलात, आणि हिवाळ्यात रंगमंचावर नऊवारीत. त्याची मिशी उतरली की गाव ओळखे, दंडार जवळ आली.

दंडारीची एक रीत होती. मी खाली असतानाच माझ्यापुढं उभं राहून एकानं नमन म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून झील धरायची, म्हणजे प्रत्येक ओळीला सूर लावून उत्तर द्यायचं. नमनाशिवाय मला कोणी हात लावत नसे. अख्ख्या दंडारीतला तेवढाच तुकडा मला मिळे, तोही गाणाऱ्याच्या पाठीकडून.

पुढं मंडळानं नवा पडदा केला. केवळरामनं मला बैलगाडीत टाकलं आणि साकोलीच्या वाटेवरच्या संत सिसिलिया शाळेत आणून दिलं. तिथं त्याची मुलगी धुरपता वसतिगृहात राहून शिकत होती. ही शाळा ख्रिस्ती सिस्टरांची. गणित-भूगोल होताच, पण त्याहून जास्त होतं गाणं, नाटक, चित्रं आणि मातीकाम. आजूबाजूच्या गावांत बोलवा होती की तिथं पाढेसुद्धा पेटीवर म्हणून घेतात. ते खरं नव्हतं. पेटी एकच होती आणि ती बहुतेक वेळा बिघडलेली असे.

सिस्टर रोझलिन नाटक शिकवत. त्या केरळच्या. मराठी पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळं शाळेच्या कुत्र्यालाही ‘आपण बाहेर जावे’ म्हणत. त्यांनी मला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, “मोर सुंदर आहे. ही खिडकी कशाची?”

“महालाची जी,” केवळराम म्हणाला. “तिकडं रानी राहते.”

माझा रंग जागोजागी उडाला होता. तो धुरपतानं भरला. गेरू, नीळ, पिवडी कालवून ती माझ्यासमोर तासन्‌तास बसे आणि मोराला रंग देता देता नाटकातली वाक्यं म्हणे. कारण सिस्टरांनी वार्षिक नाटकात तिला राणीचं काम दिलं होतं. गोष्ट दूरदेशीच्या एका पुण्यवान राणीची. ती पदराखाली भाकरी लपवून गरिबांना वाटायला निघते. राजा वाट अडवतो, पदर उघड म्हणतो. उघडते, तर आत फुलंच फुलं. मला वाटे, मोर पुरे कर आणि तो राजा पुढं काय म्हणतो ते सांग. पण धुरपता राजापाशी आली की नेमकी शाळेची घंटा होई.

सन चौऱ्याहत्तरचा तो हिवाळा. नाटकाच्या आदल्या दिवशी केवळराम शाळेत आला. नाटकात कोण काय आहे हे त्याला तेव्हाच कळलं. धुरपता ब्रश धूत होती.

“रानी कोन हाय म्हने?”

“मी,” धुरपता म्हणाली. “तुमची मिशी वाचली बाबा या साली.”

केवळराम हसला नाही. “चित्र काढ, गाणं शिक, मी नाई म्हनलो नाई. पन स्टेजवर नोको.”

“काहून? तुमी तं जलमभर नाचले.”

“म्हनूनच सांगून राहिलो. पडदा उचलला का लोकाईची नजर बदलते, पोरी. मी साडी नेसून उभा राह्यलो तं लोक शिट्ट्या मारत, काईबाई बोलत. मी गडी मानूस, मिशी वाढवली का मोकळा. तुले कोन मोकळं करन?” त्यानं माझ्याकडं बोट केलं. “पडदा उचलल्यावर तू लोकाईले दिसली, तं तुही ट्रंक उचलून घरी नेईन. मंग शाळा नाई का काई नाई.”

सिस्टर रोझलिननी त्याला पुष्कळ समजावलं. त्यांच्या पुस्तकी मराठीत त्याला हरवणारा शब्द नव्हता. शेवटी राणीचं काम चंद्रकांताला दिलं. ती धुरपताची मैत्रीण. तिला वाक्यं पाठ होती, पण चार माणसं पुढं आली की ती मागं मागं सरकू लागे.

मित्रांनो, त्या रात्री मी फार विचार केला. पडदा उचलल्यावर लोकांची नजर बदलते म्हणे. खरंच बदलते का? कशी बदलते? इतक्या माणसांची तोंडं मी पाहिली होती, पण सगळी आधीची. शेंगा फोडणारी, लेकरं दटावणारी, जागेवरून भांडणारी. नंतरची तोंडं मी एकदाही पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चार वाजता नाटक. दंडार उजाडेपर्यंत चालते आणि हे दिवेलागणीच्या आत संपणार, याचंच लोकांना नवल. धानाचं तणस पसरून त्यावर ताडपत्र्या घातल्या होत्या. खांबाजवळ केवळराम गळ्याला मफलर गुंडाळून बसला होता. सिस्टरांनी घंटा वाजवली. दोर ताणले गेले. तेवढ्यात पुढं बसलेली बायजाबाई उठून उभी राहिली. ती केवळरामची चुलती, गावातल्या दोन पिढ्यांच्या दंडारी पाहिलेली.

“थांबा वं, पोरीहो. नमन कुठी हाय? नमनाबिगर पडदा उचलतेत काय कोनी?”

“खरंच तं हाय,” मागून माणसं म्हणाली. “बिना नमनाचं नाटक अर्ध्यात मोडते.” दोघं-तिघं तर टोपी घालून निघायलाच लागले.

माझ्या मागं धांदल उडाली. सिस्टरांना नमन हा प्रकारच माहीत नव्हता. “कोणाला येते हे?” त्यांनी विचारलं. सगळ्या मुलींनी धुरपताकडं पाहिलं असावं, कारण उत्तर तिचंच आलं.

“मले येते. बाबाच्या मागं बसून शिकली. पन...”

“कोणाला असते ते नमन?”

“धरतीले, तलावाले, आन् पुढं बसल्या मायबापाले.”

सिस्टर म्हणाल्या, “यात चुकीचे काहीच नाही. आणि ते केव्हा म्हणतात?”

“पडदा खाली असते तवा.”

 माझ्या कडेचं कापड हललं आणि धुरपता माझ्यापुढं येऊन उभी राहिली. बापाची अट तिनं तसूभरही मोडली नव्हती. मी खालीच होतो.

“धरतीमाय, तुले नमन गा...” तिनं सूर लावला आणि झील येण्यासाठी थांबली. झील आलीच नाही. मागच्या मुलींना ती ठाऊक नव्हती. पुढचे लोक केवळरामकडं पाहत होते. त्यानं ओठ घट्ट मिटले होते.

“तलावाच्या पान्या, तुले नमन गा...” पुन्हा झील नाही.  झील न मिळालेली ओळ म्हणजे दारात उभा ठेवलेला पाहुणा. हे त्या मैदानात केवळरामइतकं कोणाला कळत असेल? त्याची मान खाली गेली. मफलरचं टोक त्यानं मुठीत धरलं.

“बसल्या मायबापा, तुले नमन गा...” आता तिचा आवाज मोडू लागला होता. आणि खाली मान घातलेल्या केवळरामच्या गळ्यातून झील निघाली, “हो जी, हो जी, नमन गा.” बायजाबाईनं ती उचलली, मग अख्ख्या मैदानानं.

मागं कोणीतरी घंटा वाजवली. दोर ताणले गेले. माझ्या चित्रातल्या पायऱ्या गेल्या, महाल गेला, मोर गेला. धुरपता अजून तिथंच उभी होती. केवळराम उठू लागला होता. तेवढं दिसलं आणि अंधार झाला.

गुंडाळीच्या आत मला फक्त ऐकू येई. चंद्रकांता कुजबुजली, “तूच कर वं बाई. माह्यानं नाई होत.” मग राणीचं पहिलं वाक्य आलं. आवाज धुरपताचा होता. मी केवळरामच्या ओरडण्याची वाट पाहत राहिलो. राजानं वाट अडवली, पदर उघड म्हणाला, आणि फुलं पडली असावीत, कारण लोक एकदम ‘अगा’ म्हणाले. केवळरामचा आवाज कुठंच नव्हता. मला खाली सोडलं तेव्हा त्याच्या जागी दबलेली ताडपत्री तेवढी होती.

मैदान रिकामं झाल्यावर तो माझ्यामागं आला.

“ट्रंक आन तुही.”

धुरपतानं ट्रंक आणली. ती ओढल्याचा आवाज मला ऐकू आला, मग कडी उघडल्याचा, मग मणी खळखळल्याचा. दंडारीतल्या राणीची काचमण्यांची माळ त्यानं पिशवीतून काढून ट्रंकेत टाकली.

“मी सोबत आनली होती, काहून आनली ते मलेच नाई माहीत. रानी उघड्या गळ्यानं उभी राह्यते काय? लोक हासले नाई, हे तुहं नशीब.” आणि तो बैल जुंपायला निघून गेला.

पुढची वर्षं माझी बरी गेली. नंतर नागपूरहून लाल मखमलीचा, बाजूला सरकणारा पडदा आला आणि माझी घडी घालून मला माळ्यावर टाकलं. मित्रांनो, रंगवलेल्या पडद्याची घडी कधी घालू नका, त्याला बांबूवर गुंडाळा. घडीवर रंग तुटतो. माझ्या मोराची मान अशीच गेली. मग उंदीर आले. त्यांनी तिकिटाची खिडकी कुरतडली. मूठभर कडुनिंबाचा पाला टाकला असता तरी ती वाचली असती.

शहाऐंशी साली माळ्यावर उजेड आला. चित्रकलेच्या नव्या बाई मुली घेऊन चढल्या होत्या. धूळ झटकता झटकता बाई म्हणाल्या, “या मोराचा रंग पहिले बी मीच भरला होता.” ती धुरपता होती. तिनं मला शिवलं, मोराला मान दिली, आणि मुलींच्या त्याच राणीच्या नाटकात मला पुढं न टांगता मागं टांगलं, महालाचा देखावा म्हणून.

त्या संध्याकाळी मखमल बाजूला सरकली आणि मी पहिल्यांदा नाटक पाहिलं. म्हणजे नाटकाच्या पाठी पाहिल्या. राजाच्या पाठीला अंगरख्याचं एक बटण कमी होतं. राणीनं हात मागं घेऊन माझं कापड घट्ट धरलं होतं, पुढून ते कोणाला दिसत नव्हतं. आणि त्या पाठींच्या पलीकडं, मित्रांनो, तोंडं होती. नंतरची.

नजर बदलते. केवळरामचं खरं होतं. शेंगा हातातच राहतात, कडेवरचं लेकरू घसरलं तरी कळत नाही. माणसं आपलं तोंड सांभाळायचं विसरतात. तिसऱ्या ओळीत एक म्हातारा बसला होता. मिशी पांढरी, गळ्यात मफलर. राजानं राणीला पदर उघड म्हटलं, आणि त्या म्हाताऱ्याचा हात आपोआप डोक्याकडं गेला. तिथं नसलेला पदर त्यानं नीट केला.

तुमच्या शाळेच्या माळ्यावर माझ्यासारखं कोणी पडलं असेल, तर एकदा उलगडून टांगा. पुढं जमलं नाही तर मागं टांगा. आम्हाला तिथूनही दिसतं.