दरवाजा उघडणारा

संग्रहालयाच्या लांबलचक दालनात देशाचा सगळा इतिहास मातीत उभा करायचं काम शिल्पकाराला मिळालं होतं. एका टोकाला विटांची गटारं बांधणारे पहिले नगरवासी, मग दगडावर राजाज्ञा कोरणारे पाथरवट, बादशहाचा दरबार, आणि अगदी दुसऱ्या टोकाला किल्ल्याच्या दारातून आत शिरणारी गोऱ्यांची पलटण. राजांचे चेहरे नाण्यांवरून आणि चित्रांवरून मिळत. बाकीच्यांसाठी त्याने गल्लीतलीच माणसं समोर बसवली होती. दूधवाला चक्क सेनापती झाला होता, आणि तेव्हापासून तो दुधात पाणी कमी घालतो, असं त्याची वहिनी म्हणायची.

अडलं ते शेवटच्या देखाव्यापाशी. आतून दरवाजा उघडून देणाऱ्या त्या घरभेद्याचं नावच इतिहासाला ठाऊक नव्हतं, मग चेहरा कुठून असणार? आणि फितुरासाठी आपलं तोंड कोण उसनं देणार? शिल्पकाराने बरीच पाताळयंत्री तोंडं घडवली आणि मोडली. पहारेकऱ्यांनी ज्याच्यावर विश्वास टाकला तो माणूस असा दिसणारच नाही, हे त्याला कळत होतं. मग एका दुपारी बोटं आपोआप चालू लागली आणि ऊन उतरेपर्यंत मातीतून दादा त्याच्याकडे पाहू लागला. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं म्हणून तो हसला, पण हसताना त्याची त्यालाच लाज वाटली. वडील गेल्यावर स्वतःचं शिक्षण सोडून ज्याने त्याला वाढवलं, त्या थोरल्या भावाचा चेहरा त्याने न विचारता घेतला होता. दाढी लावली, पागोटं चढवलं की कोण ओळखतंय, अशी त्याने मनाची समजूत घातली.

खरंच कुणी ओळखलं नाही. संचालकांनी तर त्या साध्या चेहऱ्याचंच कौतुक केलं. दालन खुलं झालं त्या दिवशी दादा-वहिनी आले, तेव्हा वहिनी त्या पुतळ्यासमोर घुटमळली, "किती गरीब दिसतो मेला," म्हणाली आणि पुढे गेली. दादा मात्र तिथेच उभा राहिला. माफी मागायला शिल्पकार जवळ गेला, तेव्हा दादाने पुतळ्यावरची नजर न काढता हळूच विचारलं,

"तुला कसं कळलं?"

थट्टा असेल, असं शिल्पकाराला वाटलं. पण दादाला थट्टा करायची सवय नव्हती.

त्यानंतर दादाने कोपऱ्यावरच्या दुकानात चहाला जाणं सोडलं. ओळखीचं कुणी समोरून आलं की तो मान खाली घालून रस्ता ओलांडू लागला. वहिनी फोनवर सांगायची, हल्ली बेल वाजली तरी हे उठत नाहीत. दार उघडा म्हटलं की दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसतात आणि डोळ्यांत पाणी येतं. ऐकताना शिल्पकार शरमेने अर्धमेला होई. त्या फितुराने किल्लेदाराचा केसाने गळा कापला, आणि आपण दादाचा, हे त्याच्या मनातून जाईना.

शेवटी त्याने संचालकांची परवानगी काढली, पुतळ्यावरचं दादाचं तोंड उतरवलं, समोर आरसा ठेवला आणि तिथे स्वतःचं तोंड घडवलं. मग मातीचे हात न धुताच तो दादाकडे गेला. वहिनीने दार उघडलं. दादा दाराकडे पाठ करून आतल्या खोलीत बसला होता.

"दादा, चुकलो मी," तो म्हणाला. "तुझा चेहरा काढून टाकला. आता तिथे मी आहे."

दादाने वळून वर पाहिलं. लहानपणी ताप आला की उशाशी बसून पाहायचा, तसंच.

"तू कसा असशील रे?" तो म्हणाला. "तू तेव्हा किल्ल्यात आत झोपला होतास. मला ठाऊक होतं, तरी मी दरवाजा उघडला."