खालचा खण

आमच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरखाली एक खण आहे. न खपलेल्या फ्रेम्स त्यात पडून असतात, आणि बाबा त्याही खपवतात. कशा, ते मी लहानपणापासून बघत आलेय. गिऱ्हाइकाचं मन ठरत नसलं की बाबा मुळीच घाई करत नाहीत. समोर पाच-सहा फ्रेम्स मांडतात, आरसा पुढे सरकवतात आणि प्रत्येकीचं तोंडभर कौतुक करतात. "ही छानच दिसते तुम्हाला. फक्त नाक जरा मोठं वाटतं." "ही तर झकास! फक्त हिच्या काड्या लवकर ढिल्या होतात." प्रत्येक कौतुकाच्या शेपटीला एक 'फक्त' असतोच. शेवटी गिऱ्हाईक वैतागून आरसा बाजूला ठेवतं आणि म्हणतं, "तुम्हीच सांगा हो." मग बाबा स्वतःचा चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसतात, "मला विचाराल तर..." म्हणतात आणि खालचा खण उघडतात.

गिऱ्हाईक गेलं की आम्ही दोघं पोट धरून हसायचो. "गळ्यात मारलेली वस्तू माणूस परत आणतो," बाबा मला सांगायचे, "मागून घेतलेली कधी आणत नाही." त्यातूनही कुणी डोकं दुखतं म्हणून आलंच, तर उत्तर ठरलेलं असायचं. "आठ दिवस लावा. सवय होईल."

हे सगळं मला तोंडपाठ होतं, म्हणून तर माझा जास्त जळफळाट होतो.

आमच्या कॉलेजात पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच असतं. थोडं विज्ञान, थोडा इतिहास, थोडी भाषा. वर्ष संपताना एक मुख्य विषय निवडायचा आणि पुढे पदवीपर्यंत त्याच्याशीच नांदायचं, मध्येच बदलायची सोय नाही. त्या दिवसांत वर्गातल्या निम्म्या घरांत लढाई जुंपलेली होती. माझ्या शेजारी बसणारी एक बडबडी मैत्रीण रोज डोळे सुजवून यायची. तिचा विषय तिच्या वडिलांनी ती पाळण्यात असतानाच ठरवला असावा. माझ्या घरी सगळं शांत होतं. "घाई काय आहे?" बाबा म्हणायचे. "सगळं बघ, मनाला पटेल ते घे. शिकायचंय तुला, मला नाही." बडबडी म्हणायची, "तुझे बाबा मला दत्तक दे गं." आणि मी फुशारून जायचे.

बाबा पूर्वी असे नव्हते. दादाच्या वेळी त्यांनी टेबलावर मूठ आपटली होती. डोळे तपासायचा, चष्म्याचाच कोर्स करायचा आणि दुकान सांभाळायचं, बास. दादाने दार आपटलं आणि दुसऱ्या शहरात जाऊन इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश घेतला. तेव्हापासून त्याचा फोन येतो तो फक्त आईला. बाबांचा आवाज त्यानंतर घरात कधी चढला नाही. मला वाटलं, माणूस सुधारला.

मी एकेक विषय घरी आणायचे आणि बाबा तो कौतुकाने हातात घ्यायचे. इतिहास? "वा, घे की! फक्त तुझ्या तारखा लक्षात राहत नाहीत. माझा वाढदिवस तरी कुठे राहतो?" आम्ही सगळे हसलो. रसायनशास्त्र? "उत्तम. फक्त तुझी कातडी नाजूक. साबण बदलला तरी पुरळ उठतं तुला." भाषा? "फारच छान. फक्त चार माणसांपुढे तुझी जीभ अडखळते, वर्गावर कशी उभी राहशील?" यातलं काहीही खोटं नव्हतं, हीच तर मेख होती. गिऱ्हाइकाचं नाकही मोठं असतंच की. आणि मी म्हणजे आधीच एक ना धड भाराभर चिंध्या. प्रत्येक वेळी वाटायचं, बरं झालं, बाबांनी वेळीच लक्षात आणून दिलं.

पण एक विषय मला मनापासून आवडला होता. भूगर्भशास्त्राच्या मॅडम आम्हाला एकदा गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीत घेऊन गेल्या. त्यांनी एक पांढुरका दगड माझ्यापुढे ठेवला आणि हातोडी माझ्या हातात दिली. दगड फुटला आणि आत नखाएवढा शिंपला निघाला, त्याच्यावरच्या रेघांसकट. "इथे समुद्र होता," मॅडम म्हणाल्या. "हा शिंपला त्यानंतर आज पहिल्यांदा उजेड बघतोय." मी एकामागून एक दगड फोडत सुटले. हाताला फोड आले, बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, आणि मी सगळ्यांच्या शेवटी बसमध्ये चढले. इतका आनंद मला आयुष्यात कशानेच झाला नव्हता. जिला काहीच ठरवता येत नव्हतं तिचं त्या दिवशी ठरलं होतं.

परतल्यावर थेट दुकानात जाऊन तो दगड मी बाबांपुढे ठेवला. बाबांनी तो दिव्याखाली धरला, भिंगातून पाहिला. "सुंदर आहे," ते म्हणाले. या वेळी त्यांनी थट्टा केली नाही. मला तपासणीच्या खुर्चीत बसवलं, ती जड गोल फ्रेम नाकावर चढवली आणि एकेक काच बदलत बराच वेळ माझे डोळे तपासले. मग माझ्या समोर स्टूल ओढून बसले.

"विषय सोन्यासारखा आहे. फक्त तुझा नंबर वाढतोय बाळा. उन्हातान्हात, धुळीत, डोंगरकड्यांवर काम. हे डोळे मी लहानपणापासून तपासतोय म्हणून सांगतो, त्यांना नाही झेपायचं. एखाद वेळी चष्मा पडला तर? दुरून डोंगर साजरे. बाकी तुझी मर्जी, मी कोण नाही म्हणणारा?"

घरी न्हाणीघरात जाऊन मी खूप रडले. बाबांचा राग आला नाही, डोळ्यांचा आला. आरशात बघून मी डोळ्यांनाच शिव्या दिल्या.

विषय सांगायचा शेवटचा दिवस उद्यावर आला तेव्हा माझं डोकं पार रिकामं झालं होतं. जे विषय हातात घेतले त्या सगळ्यांवर ओरखडे पडलेले होते. दुकान बंद करताना मी झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणाले, "बाबा, मला काही सुचत नाही. तुम्हीच सांगा."

बाबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला.

"मला विचारशील तर," ते म्हणाले, "डोळे तपासायचा कोर्स घे, तोही तुमच्या कॉलेजच्या यादीत आहेच. दुकान आहे, गिऱ्हाईक आहे, मी आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?"

मला कुठेतरी खटकलं, नाही असं नाही. पण दमलेल्या माणसाला कुणी बसायला खुर्ची दिली तर तो खुर्ची कुणाची हे विचारत नाही. मी हो म्हणाले. घरी आई तर गहिवरलीच. "बघ, यांनी तुझ्यावर अगदी एका शब्दानेही जबरदस्ती केली नाही हो!"

कोर्स सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. एका दुपारी बाबा चहाला गेलेले आणि मी दुकानात एकटी. भूगर्भाच्या मॅडम आल्या, हातात मोडका चष्मा. "कड्यावरून उतरताना घसरले," त्या हसत म्हणाल्या. "मला काही झालं नाही, पण याची काडी गेली." मी चष्मा घेतला. काचा बघूनच माझा हात थबकला. तरी खात्री करायला मी त्या नंबर दाखवणाऱ्या यंत्राखाली धरल्या. मॅडमचा नंबर माझ्या जवळजवळ दुप्पट होता.

"चष्मा आमच्याकडूनच करता?" मी विचारलं.

"कॉलेजात शिकत होते तेव्हापासून. तुझे बाबाच करतात. डोंगरात पडू नये म्हणून मागे दोरी लावायची युक्तीही त्यांचीच. त्या दोरीच्या जिवावर मी इतकी वर्षं कडे चढतेय." मग माझ्या आवाजावरून त्यांना ओळख पटली. "तू ती शेवटी बसमध्ये चढलेली ना गं? आली नाहीस माझ्याकडे. मला वाटलं होतं, सगळ्यांत आधी तूच येशील."

"माझे डोळे..." मी म्हणाले.

"डोळ्यांचं काय?"

चष्मा माझ्या हातात होता, त्यामुळे मॅडमना माझा चेहरा दिसत नव्हता, तेवढं बरं झालं.

बाबा आले, त्यांनी नवी काडी बसवली, दोरी ओढून बघितली. मॅडम गेल्या. मी म्हणाले, "यांचा नंबर तुम्हाला माहीत होता."

"त्यांची गोष्ट वेगळी."

"काय वेगळी?"

बाबा काउंटरवरच्या नीट लावलेल्या फ्रेम्स पुन्हा पुन्हा लावत राहिले. "मी तुला नाही म्हणालो का? एकदा तरी? तूच म्हणालीस, तुम्हीच सांगा."

"केसाने गळा कापलात माझा!" मी ओरडले. रस्त्यावरचा एक माणूस थांबून आत बघायला लागला. बाबांनी मान वर केली नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं, ते नाही म्हणाले नव्हते. दादाकडे आपटायला दार तरी होतं. माझ्यापुढे कुणी दार लावलंच नव्हतं, तर मी आपटणार काय?

"मला नाही आवडत हा कोर्स," मी म्हणाले. "पुस्तक उघडलं की डोकं दुखतं."

बाबांनी चष्मा काढून पुसला. आवाज अगदी नेहमीचा, मायेचा. "थोडे दिवस जाऊ देत. सवय होईल."

मी आता शेवटच्या वर्षाला आहे. संध्याकाळी दुकानात बसते, गिऱ्हाइकांचे डोळे तपासते. बाबा सगळ्यांना सांगतात, पोरीने स्वतःच्या मर्जीने हा विषय घेतला. आणि डोकं खरंच दुखायचं थांबलंय. मला सवय झाली, आणि याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते.