गाडी मारुतीपाशीच का वळते

“इमानानं गेला, इमानानं आला, आन् ऐकून ऐकून कंबर मोडली आमची,” मागच्या सतरंजीवरून आकारामतात्या पुटपुटले. “च्या तरी सांगितलाय का न्हाय कुणी?”

सरुबाईंनी मान न वळवता ओठ आवळले. पंचायतीच्या सदस्याला सभेत हसून चालत नाही, त्यातून बाईमाणसाला तर नाहीच. सदस्यांना पुढे खुर्च्या, बाकी गावाला सतरंज्या, अशी ग्रामसभेची बैठक. सरुबाईंची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला दर सभेत एक खुर्ची कमी पडायची, आणि ती नेमकी त्यांचीच असायची. मग एकदा त्या बौद्धवाड्यातून घरची खुर्ची डोक्यावर घेऊन भर गावातून चालत आल्या. तेव्हापासून खुर्च्या पुरायला लागल्या.

सभा दोन ऑक्टोबरची, साल दोन हजार सात. शाळेच्या हॉलमध्ये दोन कामं होती. पहिलं, जिल्हा परिषदेचे सदस्य हंबीरराव यांचा सत्कार. ते पर्यावरणाच्या अभ्यासदौऱ्यावर परदेशी जाऊन आले होते. दुसरं काम सरुबाईंचं. एसटी बौद्धवाड्यापर्यंत न्यायची.

गाव शाहूवाडीच्या अंगाचं, डोंगराच्या पोटातलं. रस्ता मारुतीच्या देवळापुढून ओढा ओलांडतो, बौद्धवाड्यापर्यंत जातो आणि तिथं संपतो. डांबर तिथवर आहे, गाडी मात्र मारुतीपाशीच वळते. पुढची वाट बौद्धवाड्यानं पायांनी तुडवायची. सरुबाईंची नात संघप्रिया बारावीला, कॉलेज मलकापूरला. पहाटेची गाडी धरायला अंधारातच निघायची. मागच्या आठवड्यात ओढ्याच्या चढावर गवा उभा होता, बैलाच्या दुप्पट. पोरगी चपला तिथंच टाकून घरी पळत आली. तिचा बाप, सरुबाईंचा मुलगा प्रसेनजीत, त्यांना म्हणाला, “दिवाळीपतूर वाट बघतो. गाडी आली तर बरं, न्हायतर कॉलेज बंद. पोरगी जिती ऱ्हायली तर शिकंल.”

आगारातले साहेब तयार होते. ग्रामसभेचा ठराव आणा, गाडी लगेच पाठवतो, म्हणाले होते. ठराव मात्र सभेमागून सभा पुढं ढकलला जात होता.

हंबीरराव बोलायला गोड. शाल सावरत म्हणाले, “हवेला शीव नसती, पावणं. तिकडच्या धुराड्याचा धूर हिकडचा पाऊस बिघडवतोय. शेजारच्या रानाला वणवा लागल्यावर ‘ते रान माझं न्हवं’ म्हणून कोण झोपतंय का? ल्हान-मोठ्या समद्या देशांनी मिळूनच हे इझवाय पायजे.” मग गावाकडं वळले. “तिकडं मंत्रीबी बसनं जातोय! आन् हितं दारात दोन म्हशी आल्या की पोराला मोटरसायकल लागती.”

पोरं खाली बघून हसली. आणि मग हंबीररावांचा आवाज एकदम उतरला.

“एक गोष्ट घरातबी सांगितली न्हाय मी. तिकडं बसमधी बसलोतो. शेजारची जागा मोकळी. गाडी भरली, माणसं दांड्याला धरून उभी, पर त्या जागंवर कोण बसंना. एक म्हातारी आली. जागंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् उभीच ऱ्हायली. मला वाटलं, सीटवर काय सांडलंय का काय? हात फिरवून बघितला. कोरडी होती. मग उमगलं.” त्यांनी पाण्याचा घोट घेतला. “कातडीच्या रंगावरनं माणूस तोलायचा! ह्यो वर्णभेद म्हंजे माणुसकीला डाग हाय, डाग!”

मोकळ्या सीटवरून हात फिरवणारा तो माणूस सरुबाईंना त्या घटकेला अगदी सख्खा वाटला. टाळी त्यांनीच आधी वाजवली, आणि मनापासून वाजवली.

टाळ्या थांबल्या तशा त्या उभ्या राहिल्या. “हंबीरराव, लई मोलाचं बोललासा. आता आमच्या गाडीचं बघा.”

त्यांना ‘साहेब’ न लावता नुसतं ‘हंबीरराव’ म्हटलेलं काही जणांना टोचायचं. सरुबाईंना ते ठाऊक होतं. म्हणून तर त्या म्हणायच्या.

सरपंच सयाजी घाईनं पुढं सरसावले. “आक्का, तो पूल जुना हाय. भार सोसायचा न्हाय.”

“उसानं भरल्याला ट्रक सोसतोय. एसटीत काय लोखांड भरून आणणार हाय का मी?”

“चढाचं काय? डायवर लोक तयार न्हाईत.”

“डायवर आपणहून म्हणाला. आमच्या समाजमंदिराफुडं गाडी एका दमात वळती. हितं मारुतीपाशी मागं-फुडं करून मेटाकुटीला येतोय बिचारा.”

कुणीतरी फिसकन हसलं. सयाजींनी हंबीररावांकडं पाहिलं. हंबीररावांनी घसा साफ केला. “सरुबाई, तुमची अडचण कळती मला. पर रोज तेवढं डिझेल जास्त जळणार. आत्ताच म्हणालो की मी, धुराचं संकट...”

“इमानाला काय गोमूत्र घालत्यात व्हय?” मागून तात्या पुटपुटले. या वेळी हॉल मोकळेपणी हसला.

सरुबाई हसल्या नाहीत. “गाडी न्हाय म्हणून आमच्या वाड्यातली माणसं वडापच्या जीपनं जात्यात. कोंबल्याली माणसं, आन् मागं काळा धूर ह्यो एवढा. त्या जीपा बंद झाल्या तर धूर कमी का जास्त, तुमीच सांगा. तुमचंच बोलणं तुमाला सांगती मी. हवेला शीव न्हाय म्हणालासा, मग एसटीला का?”

हंबीरराव हळूच म्हणाले, “एक कमिटी नेमू. दिवाळीनंतर बसून...”

“दिवाळीनंतर माझी नात घरात बसंल,” सरुबाई म्हणाल्या. “कमिटी नगं. खरं कारण सांगा.”

“सांगितलं की आक्का, पूल...”

“खरं.”

हॉलमध्ये चुळबुळ झाली. बायकांच्या बाजूला कुणीतरी पदर नीट केला. खरं कारण हॉलमधल्या झाडून सगळ्यांना माहीत होतं, आणि ते सगळ्यांनी जपून ठेवलं होतं, लग्नातल्या भांडणासारखं.

“तूच सांग मग,” एक पोरगा ओरडला.

“मी सांगणार न्हाय.” सरुबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “मी तोंड उघडलं की बोंब व्हती, सरुबाईनं जात काढली म्हणून. लई वरसं मी बोलली आन् तुमी कानावर हात ठेवलं. आज तुमी बोला. ज्येचा इरोध हाय त्येनं कारण सांगावं, ग्रामसेवक भाऊसाहेब लिवून घेतील, मग खुशाल ठराव पाडा. मी आडवी येणार न्हाय. पर तवर मी खाली बसणार न्हाय.”

ग्रामसेवकानं पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. सयाजी छताच्या पंख्याकडं बघत राहिले. हंबीररावांनी खांद्यावरची शाल नुसतीच नीट केली. चहा आला. पेले फिरले, हातात राहिले. पिईना कुणी. सरुबाईंचे गुडघे दुखायला लागले. संधिवात काही पंचायतीला विचारून येत नाही. त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात लावला नाही. लावला असता तर लोकांना वाटलं असतं, आता बसेल.

“अरं म्हणा की आता कुणीतरी!” आकारामतात्या एकदम कडाडले. जमिनीला हात टेकून कण्हत कण्हत उठले, धोतराचा सोगा सावरला. “माणसं बसल्यात का दगडं? पूल चांगला हाय. चढ चांगला हाय. धूर-बीर समदं झूट. गाडी खालनं वळून आली की पयल्या जागा बौद्धवाड्याच्या. आपल्या घरच्या सुना दांड्याला धरून उभ्या, आन् हेंची पोरगी खिडकीला बसल्याली. ते आपल्याला बघवत न्हाय. मलाबी बघवत न्हाय, मी काय कुणी संत लागून गेलो न्हाय. उद्या हेंच्या शेजारी मोकळी जागा असली तरी मी उभाच ऱ्हाईन, ह्या हंबीररावाच्या बसमधल्या म्हातारीगत. ह्येच कारण हाय, दुसरं काय न्हाय. लिवा, भाऊसाहेब!”