वाटणीबाहेरचे पाणी

सातासमुद्रापलीकडच्या पुकेकोहे गावाच्या दक्षिणेची ती पर्सिमनची बाग चंद्रहासांनी घेतली, ती झाडांसाठी नव्हे. बागेच्या खालच्या अंगाला काळ्या खडकातून पडणाऱ्या झऱ्यासाठी. एक निवृत्त सर्जन झऱ्यावर भाळून जमीन घेतो आहे हे ओळखताच दलालाने किंमत वाढवली, आणि चंद्रहासांनी ती हसत दिली. रोज संध्याकाळी ते खडकापाशी जात आणि वर ओसरीत वाचत बसलेल्या पत्नीला ओरडून विचारत, "इरा, येतंय का ऐकू?"

त्यांना जाऊन वर्ष होत आले होते. २०१९चा फेब्रुवारी, म्हणजे इथला भर उन्हाळा, कोरडा चालला होता आणि झरा मुका झाला होता. वर्षश्राद्ध पुढच्या सोमवारी. मुलगा फोनवर विचारत होता, गुरुजी ऑनलाइन चालतील का? इरावतीबाईंना गुरुजी कोणत्याच रूपात नको होते. त्यांना त्या संध्याकाळी तो आवाज हवा होता.

म्हणून त्यांनी आपल्या बोअरचा पंप बंद केला. पर्सिमनची पाने कडांनी करपू लागली, करपू दिली. चौथ्या दिवशी खडक ओला झाला, आणि दिवे लागायच्या सुमारास पाणी बोलू लागले.

"येतंय," इरावतीबाई म्हणाल्या. विचारले कुणीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी झरा पुन्हा गप्प झाला. कुंपणापलीकडे मात्र फवारे डौलात फिरत होते. ते शेत गुरुनाथचे. ईस्ट टामाकीतल्या कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी सोडून हा पुण्याचा मुलगा लेट्यूस पिकवू लागला होता. संध्याकाळी तो क्रेट घेऊन हजर.

"किआ ओरा, काकू! चमत्कार झाला. पुलाखालचं पाणी खुणेच्या वर गेलं, काउन्सिलचा मेसेज आला, पंप लावा! नाहीतर माझी सगळी लेट्यूस टाकायच्या लायकीची झाली होती."

"चमत्कार कसला? मी माझा पंप बंद ठेवला होता."

गुरुनाथने क्रेट खाली ठेवला. "का?"

"झऱ्यासाठी."

"आयला," तो म्हणाला, आणि लगेच, "सॉरी, काकू."

व्यवस्था अशी होती. गुरुनाथचा परवाना नवा. झऱ्याचे पाणी ज्या ओढ्याला मिळे, तो पुलाखालच्या खुणेच्या खाली गेला की त्याचा बोअर बंद. इरावतीबाईंचा परवाना जुना. ओढा मेला काय, जगला काय, त्याला सोयरसुतक नाही. त्यांनी जमिनीत राखलेले पाणी झऱ्यातून पुलापर्यंत पोहोचले, तेथे मोजले गेले, आणि मोजले गेले म्हणून उपशाला मोकळे झाले. एकदा मिळालेली मुभा पुढच्या मोजणीपर्यंत, म्हणजे आठवडाभर टिके. ओढा दुपारी आटला तरी कागदावर तो सात दिवस खळाळत राही. कागदाला तहान नसते, हा त्याचा मोठाच गुण.

इरावतीबाईंनी काउन्सिलला फोन लावला. परवाना सोडून दिला तर?

"प्रतीक्षायादीतल्या पुढच्या अर्जदाराला मिळेल," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"आणि ते पाणी झऱ्यातच ठेवायचं असेल तर?"

"पण मग ते वापरणार कोण?"

दोन वर्षांपूर्वी याच देशाच्या संसदेने एका अख्ख्या नदीला कायद्याने व्यक्ती ठरवले होते. जगभरच्या विद्वानांनी त्यावर निबंध लिहिले. या ओढ्याच्या वाट्याला प्रतीक्षायादीतला क्रमांकही आला नव्हता. इरावतीबाईंनी मुलीचे आभार मानले. सभ्यता ही त्यांची जुनी खोड.

मग त्या कुंपणापाशी गेल्या.

"गुरुनाथ, सोमवारी काकांचं वर्षश्राद्ध, तेव्हा झरा बोलायला हवा. ते साक्रीकडचे. त्यांच्या गावात फडाची शेती, एका पाटाच्या पाण्यावर सगळ्यांची मिळून. पाणी कमी असलं की अख्खा एक फड सगळे मिळून पडीक ठेवत. कुणा एकट्याचं नुकसान नको म्हणून."

"तिथे पाणी वाटून देणारा पाटकरी होता काकू, इथे सॅटेलाइटचा मीटर आहे. आणि फडात सगळे होते. इथे मी एकटाच." तो हसला, पण डोळे लेट्यूसवर होते. "किती दिवस हवेत?"

चार, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी त्याच्या वाफ्यांकडे पाहिले. पाने नुकती कुठे सावरली होती.

"तू सांग."

"रविवारी मी अवोन्डेलच्या बाजारात असतो. रविवार-सोमवार बंद ठेवतो. काकांसाठी. त्यापुढे नाही झेपणार."

"पुष्कळ झाले," इरावतीबाई म्हणाल्या.

सोमवारी त्या उन्हे कलायच्या आधीच खडकापाशी जाऊन बसल्या. हातात पुस्तक नव्हते. खडक गार होता. मग एका भेगेशी तळहाताला ओल लागली, तळहाताएवढीच. त्यांनी वाकून कान लावला. दगड दगडासारखा गप्प. आणखी दोन दिवस मिळते तर, हा विचार त्यांनी येऊ दिला आणि जाऊ दिला. कुंपणापलीकडे उन्हात दिवसभर तगलेल्या लेट्यूसने माना टाकल्या होत्या.

बांधावरून गुरुनाथने हाक दिली. कबूल केल्याप्रमाणे त्याने पंपाला हात लावला नव्हता.

"काकू! येतंय का ऐकू?"

तो प्रश्न त्याला कुणी शिकवला नव्हता. इरावतीबाईंनी ओला तळहात पदराला पुसला नाही.

"येतंय रे," त्या ओरडून म्हणाल्या. "लाव आता पंप."

पंप लागला. फवारे फिरू लागले. अंधार पडेपर्यंत इरावतीबाई तिथेच बसून होत्या, कान खडकाकडे करून.